बिनकामाच्या मुलीचा शोध

पेकोस नदीकाठच्या लास कुएवितास गावात सेलेदोनियो आर्चिबेकेला कुणी सुखासुखी काही विकत नसे. तो समोरून येताना दिसला की कोंबड्या विकणारी बाई टोपलीवर शाल ओढून घ्यायची. घ्यायचं काही नसलं तरी हा थांबायचा, कोंबडीला नावं ठेवायचा, भाव पाडायचा आणि रिकाम्या हातानं निघून जायचा. मागाहून येणारं गिऱ्हाईक मग तोच पडलेला भाव धरून बसायचं. एकदा शेजाऱ्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा होता. पाद्रीबाबांनी दक्षिणा सांगितली, तर हा बाळ पुढं करून म्हणतो, "बाबा, पोर केवढंसं आहे बघा. पाणी तरी असं कितीसं लागणार?" पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, प्रार्थना चाललीय.

हे बाळकडू त्याला आईनं पाजलेलं. आई म्हणजे अपोलोनिया, सांता फेच्या बाजारातले व्यापारी जिला बघून दुकानातल्या पोऱ्यांना पुढं करत आणि स्वतः आत जाऊन बसत, ती. तिचं शास्त्र साधं होतं. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. बघावंच लागलं तर नाक मुरडून बघायचं. जितकी जास्त हवी तितकी जास्त नावं ठेवायची. मग पाठ फिरवून चालू लागायचं, आणि मागून हाक येईपर्यंत मान वळवायची नाही. कापडाच्या दुकानात तिचा एक खास डाव असे. ती ताग्याचं टोक उचलायची, नाकाशी न्यायची आणि हळूच म्हणायची, "बिचारं." एवढंच. दुकानदाराला आपलंच कापड आजारी वाटायला लागायचं.

या विद्येपायी सेलेदोनियो बिनलग्नाचा राहिला. रेफुहियो नावाची मुलगी त्याला मनापासून आवडली होती. मागणी घालायला गेला आणि सवयीप्रमाणे तिच्या बापासमोर तिच्या चालीला नावं ठेवली, आवाजाला ठेवली, स्वयंपाकाबद्दल ऐकून आहे म्हणाला. आमच्याकडे मुलगी द्यायची नसली की तोंडानं नाही म्हणत नाहीत, घरी भोपळा पाठवतात. दुसऱ्या दिवशी भोपळा आला. सेलेदोनियोनं तो हातावर तोलला, देठाशी अंगठ्यानं दाबला आणि आणणाऱ्याला म्हणाला, "एवढासाच? आणि इथं मऊ लागतोय." संध्याकाळपर्यंत दुसरा आला, याच्यापेक्षा मोठा. आईनं दोन्ही शिजवले. सून गेली ती गेली, पण सौदा काही अगदी वाईट झाला नाही, असं तिचं मत पडलं.

आता मूळ गोष्ट. सेलेदोनियोला एक धाकटी बहीण होती, तिबुर्सिया. घरात तिबू. ती लहान असताना मावशीबरोबर पठाराच्या कडेला मेंढ्यांपाशी राहायला गेली होती. तिथून पठारावरच्या भटक्या कोमांचे टोळ्यांतल्या स्वारांनी तिला नेली. खरं म्हणजे आमचा आणि कोमांचेंचा जुना तह होता. आम्ही पाव न्यायचे, त्यांनी गव्यांची कातडी द्यायची, एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करायची. पण तह म्हाताऱ्यांनी केलेला आणि घोडे तरुणांच्या बुडाखाली. त्या दिवशी असल्याच कुठल्या तरी टोळक्यानं मेंढ्या हाकलल्या, आणि मेंढ्यांपुढं काठी उगारून उभी राहिलेली पोरगीही उचलली.

अपोलोनियानं आक्रोश केला नाही. ती सान आंतोनियोच्या लाकडी मूर्तीपुढं जाऊन उभी राहिली. हरवलेलं शोधून देणं हे त्या संताचं काम, आणि त्याच्या कडेवर बाळ येशू असतो. तिनं तो बाळ उचकटून काढला, पिठाच्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. "माझी पोर आणून दे आणि तुझं पोर घेऊन जा," असं त्याला तोंडावर सांगितलं. आमच्या भागात संतांशी असंच बोलतात. नुसत्या मेणबत्त्या लावल्या तर ते सुस्तावतात.

मग ती मुलाकडे वळली. "तू कोमांचेरो हो," म्हणाली. म्हणजे दर शरदात बैलगाडीत कडक भाजलेला पाव, मक्याचं पीठ आणि थोडं कापड भरून पठारावर जायचं आणि कोमांचेंशी देवघेव करायची. "तळ-तळ फिर आणि शोध तिला. पण एक लक्षात ठेव, सेले. ती आपल्याला हवीय हे त्यांना कळू देऊ नकोस. कळलं की अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतील."

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. सेलेदोनियो आज्ञाधारक मुलगा. तो तळावर जायचा, देवघेव उरकायचा, निघताना गाडीची दोरी बांधता बांधता जांभई द्यायचा आणि म्हणायचा, "तुमच्याकडे आमच्या बाजूची एखादी बिनकामाची मुलगी आहे का हो? नकटी, तोंडाळ, आळशी. असली तर बघू, नसली तर उत्तमच."

कोमांचे लोक गंभीरपणे एकमेकांत विचार करायचे. मग कुणीतरी सांगायचं, नाही बुवा, आमच्याकडच्या सगळ्या चांगल्या आहेत. एका तळावर एका वृद्धानं तर त्याला बाजूला घेऊन समजावलं की इतकी वाईट मुलगी कुणी आपणहून नेली असेल, तर शहाण्यानं गप्प बसावं, उगाच आठवण करून देऊ नये.

"अरे, तू बहिणीला शोधतोयस की तिची बदनामी करत फिरतोयस?" नेपोमामा विचारायचा. नेपोमुसेनो हा आईचा चुलतभाऊ, गाडी हाकायला बरोबर असायचा. "असली मुलगी एखाद्याच्या घरात असली तरी तो कबूल होईल का?"

"मामा, तुम्ही बैलांकडे बघा. हे सौद्याचं काम आहे."

"बैलांकडेच बघतोय. ते माझं ऐकतात तरी."

अशी पुष्कळ वर्षं गेली. दर खेपेला हा मान खाली घालून परत यायचा. आई पिठाची पेटी उघडायची, भाकरीपुरतं पीठ काढायची, पिठानं पांढऱ्या झालेल्या बाळ येशूला "अजून नाही" म्हणून सांगायची आणि कुलूप लावायची.

मग एका शरदात सेलेदोनियोची गाडी एका खोल घळीतल्या तळावर पोचली. या लोकांशी पूर्वी गाठ पडली नव्हती. त्यांच्या वतीनं बोलायला एक बाई पुढं आली: गालांवर शेंदरी रंग, कडेवर पोर, कमरेला चाकू. आपली भाषा बोलत होती, पण ती तर तिकडे प्रत्येक तळावर कुणा ना कुणाला येते, म्हणून सेलेदोनियोला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिचा नवरा, पावसात-झोपणारा नावाचा धिप्पाड गडी, मागं पालथा पडून बाकीच्या पोरांना पाठीवर नाचवत होता.

बाईनं एक पाव उचलला आणि गाडीच्या चाकावर आपटून बघितला. चाकाचा कपचा उडाला.

"हा पाव आहे?"

"प्रवासाचा आहे, बाई. टिकतो."

"टिकेलच. खाणारा टिकायचा नाही."

सेलेदोनियो चपापला. हे वाक्य त्याचं असायला हवं होतं. त्यानं कातड्यांकडे मोर्चा वळवला. "याला भोक आहे," तो म्हणाला.

"तिथून गव्याला मारलंय. न मारताच सोलून द्यायचा होता का तुला?"

नेपोमामा इतका हसला की बैल दचकले. ऊन कलेपर्यंत घासाघीस चालली. सेलेदोनियोनं उसासे टाकले, बाईनं त्याहून मोठे टाकले. तो पाठ फिरवून निघाला, तर ती आधीच निघालेली होती. शेवटी त्याचा अर्धा माल गेला आणि बदल्यात जे आलं ते दाखवायची त्याला गावात लाज वाटली असती. आयुष्यात असा मार त्यानं फक्त आईच्या हातून खाल्ला होता. तो घामाघूम झाला होता आणि खरं सांगायचं तर मनातून खूश होता.

ही बाई कोण ते वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. सेलेदोनियोच्या यायला अजून अवकाश होता. त्यानं दोरी हातात घेतली, जांभई दिली आणि नेहमीचं बोलणं काढलं. एक बिनकामाची मुलगी, आमच्या बाजूची, लहानपणी मेंढ्यांपाशी पकडलेली, वगैरे.

बाई जागच्या जागी थांबली. कडेवरचं पोर तिनं खाली ठेवलं.

"नाक कसं म्हणालास?"

"नकटं. जन्मली तेव्हा सुईणसुद्धा हसली होती."

तिनं ते नवऱ्याला त्यांच्या भाषेत सांगितलं. पावसात-झोपणारा उठून बसला आणि बायकोच्या नाकाकडे निरखून बघू लागला.

"दात?"

"पुढचे दोन भांडून एकमेकांकडे पाठ करून बसलेत."

यानंतर बाई तोंडापुढं हात धरून बोलू लागली. "स्वभाव?"

"कजाग. मेंढ्या चळाचळा कापायच्या."

हे भाषांतर ऐकून नवऱ्यानं बराच वेळ मान डोलावली. बायकोनं बघितलं तेव्हा थांबला.

"मग तुला कशाला हवी ती?"

"मला कुठं हवीय? आई म्हातारी झालीय. घरात भांडायला कुणी नाही, एवढंच."

"देशील काय?"

"गाडीमागं बांधलेलं ते गाढव. आणि पावाचं अर्धं पोतं."

"ते लंगडं?"

"लंगडं नाही, बाई. विचार करत चालतं."

बाईनं गाढवाकडे पाठ केली. ती गाडीपाशी गेली. निळ्या फ्लॅनेलच्या ताग्याचं टोक तिनं उचललं, नाकाशी नेलं आणि हळूच म्हणाली, "बिचारं."

सेलेदोनियोच्या हातातली दोरी गळून पडली. हा आवाज, हा उसासा, हे टोक धरायची दोन बोटं तो पाळण्यात असल्यापासून ओळखत होता.

"तिबू?"

"गाढव होय रे, दादा?" ती म्हणाली. "एक गाढव आणि अर्धं पोतं?"

मग भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. पोरं घाबरून बापाच्या पाठीमागं लपली. नेपोमामाही रडला, आणि रडता रडता त्यानं बापाला हातवारे करून समजावलं की घाबरू नका, ही भाऊबहीण आहेत, मारामारी नंतर होईल.

"मी ऐकून होते रे," डोळे पुसत तिबू म्हणाली. तिचा शेंदरी रंग दादाच्या खांद्याला लागला होता. "दर वर्षी कुणीतरी येऊन सांगायचं, एक गाडीवाला बिनकामाची मुलगी शोधत हिंडतोय. मला वाटायचं, असेल कुणाची तरी बिचारी. माझी कशाला असेल? मी तर कामाची आहे. इथला सगळा तळ मला विचारल्याशिवाय सुईसुद्धा घेत नाही."

सेलेदोनियोनं इतक्या वर्षांत खाल्लेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. "आईनं सांगितलं होतं, हवीय असं दाखवू नकोस," तो म्हणाला.

"सांगितलंच असणार."

"आत्ता मी बोललो त्याचं वाईट वाटलं तुला?"

"वाईट?" तिबू हसली. पुढचे दोन दात अजून भांडलेलेच होते. "आईनं एवढी नावं एकदाच ठेवलेली मला आठवतात, त्या जांभळ्या शालीला. आणि मग ती न घेता घरी आली आणि आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. तू माझं नाक सोडलं नाहीस, दात सोडले नाहीस, स्वभाव सोडला नाहीस. इतकी हवी होते का रे?"

"हो," सेलेदोनियो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"हो म्हटलं ना." कुठल्याही बाबतीत हे कबूल करण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळं आवाज जरा फाटला.

यानंतर शहाण्या माणसांनी काय केलं असतं ते सांगत बसत नाही. ही आर्चिबेके घरातली माणसं. तिबूनं स्पष्ट सांगितलं की कायमची मी येणार नाही, माझी पोरं इथं, घोडे इथं, हा नवरा इथं. पण आईजवळ एक हिवाळा काढायला तिचा जीव तुटत होता, हे तिच्या बोलण्यावरून आंधळ्यालाही दिसलं असतं. तिनं नवऱ्याला विचारलं. त्यांच्यात जाताना जाणाऱ्याच्या माणसांनी मागं राहणाऱ्याला काही भेट द्यावी अशी रीत होती, म्हणून किती ते ठरवायला हवं होतं. पावसात-झोपणारा पोराच्या नाकातलं बोट काढता काढता दोन शब्द बोलला.

"तो म्हणतो," तिबूनं सांगितलं, "गाडीतला सगळा पाव, सगळं कापड, दोन्ही बैल आणि आईचं तांब्याचं मोठं पातेलं."

"तो एवढं बोलला?"

"त्यांची भाषा आटोपशीर आहे."

"पोरी, तू नक्की कुणाच्या बाजूची?" नेपोमामानं विचारलं.

"मामा, माझी काही किंमत आहे की नाही? गाढवाच्या भावात माहेरी गेले तर पोरांना काय तोंड दाखवू?"

"गाढव आणि एक पोतं. पूर्ण," सेलेदोनियो म्हणाला. एकदा जिभेला वळण पडलं की पडलं.

तिनं उसासा टाकला. त्यानं टाकला. तिनं पाठ फिरवली, त्यानं फिरवली, आणि दोघं दोन दिशांना चालू लागली. आता मागून हाक येईल म्हणून हा चालतोय, आता दादा बोलावेल म्हणून ती चालतेय. एक घळीच्या या तोंडाला पोचला, दुसरी त्या तोंडाला. मध्ये गाडीपाशी नेपोमामा आणि पावसात-झोपणारा उरले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी पाव पाण्यात बुडवून खाल्ला आणि वाट बघितली.

सौदा जमला नाही. पुढच्या शरदात ओढ्याकाठी भेटू तेव्हा बघू, असं ठरलं. निघताना दोघंही पुन्हा रडली, पण भाव कुणी सोडला नाही.

घळ मागं पडून पठाराचं गवत लागलं तेव्हा सेलेदोनियोच्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं जिला शोधली ती सापडली आणि एका पातेल्यावरून तिला तिथंच ठेवून आपण निघालो. तो तोंड झाकून हमसून हमसून रडू लागला. परत फिरावं तर ते लोक त्याच संध्याकाळी तळ हलवणार होते, आणि पठारावर त्यांना गाठणं म्हणजे वाऱ्याच्या मागं धावणं.

"हळू रड," नेपोमामा म्हणाला. "बैलांना वाटेल, आपल्यालाच विकून आलाय."

घरी आईनं सगळं उभ्यानं ऐकलं. तिबू जिवंत आहे हे ऐकताच ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं शालीनं तोंड झाकलं. मग शालीतून आवाज आला, "किती मागितलं?"

सेलेदोनियोनं सांगितलं.

"तू काय म्हणालास?"

"गाढव."

"सुरुवात ठीक आहे," ती म्हणाली. मग तिनं शाल खाली केली. "आणि तू तिला तिथं ठेवून आलास, सेले."

आईनं पेटी उघडून बाळ येशू काढला, पीठ झटकलं आणि सान आंतोनियोच्या कडेवर परत दिला. पण पाठमोरा. मुलगी दिसली, आली नाही, म्हणजे काम अर्धंच झालं होतं. "पुढच्या खेपेला मी येते," ती म्हणाली. "हे तुमच्यासारख्या कच्च्या माणसांचं काम नव्हे."

गावानं समजावलं. तिचे गुडघे धरलेले, धाप लागायची. हा प्रवास तिच्या हाडांना एकदा झेपला तर झेपला, दुसऱ्यांदा नाही, हे ती स्वतःच बोलून दाखवायची. सौदा या खेपेला जमला तर तिबू हिवाळ्याला घरी येणार, नाही जमला तर मायलेकींची ती पहिली आणि शेवटची भेट. म्हणून वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. आईनं डाव रचला, मोडला, पुन्हा रचला.

वाटभर ती पावाच्या पोत्यांवर बसून दोघांना पढवत राहिली. गेल्यावर तिबूकडे कुणी बघायचं नाही. आपण मिठासाठी आलोय असं सांगायचं. मी गाडीतच बसून राहीन आणि तोंड वाकडं करीन. नातवंडं समोर आली तर म्हणायचं, बरी आहेत, जरा किडकिडीत आहेत. नेपो, तू हसायचं नाहीस. सेले, तू रडायचं नाहीस. मी खोकले की पाठ फिरवायची. पातेलं पोत्याखाली आहे, ते अगदी शेवटी काढायचं, आणि तेही चेपलेल्या बाजूनं.

"आणि तू रडलीस तर?" नेपोमामानं विचारलं.

"मी?" अपोलोनिया म्हणाली, आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बैलांकडे तोंड फिरवलं.

ठरल्याप्रमाणे ओढ्याकाठी तळ दिसला तेव्हा पुष्कळ लोक गाडीच्या कुरकुरीला बाहेर येऊन उभे होते. पावसात-झोपणाराही होता. गाडी अजून चालतच होती. बायका कातडी ताणून खरवडत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मान वर केली, हातातलं हत्यार टाकलं आणि उभी राहिली.

सेलेदोनियोनं शिकवल्याप्रमाणे आकाशाकडे बघितलं. मागं पोत्यांची सळसळ झाली. त्यानं वळून बघितलं, तर आई चालत्या गाडीतून चाकाला धरून खाली उतरत होती. एक पाय जमिनीला लागला, दुसरा लागायच्या आत ती चालू लागली होती, आणि मग, ज्या गुडघ्यांवर चर्चची पायरी चढवत नव्हती, त्याच गुडघ्यांवर पळू लागली. शाल गेली, एक जोडा गवतात राहिला. सगळा तळ बघत होता, आणि ज्याच्यासमोर काही म्हणजे काही दाखवायचं नव्हतं तो जावई तर सगळ्यात पुढं उभा राहून बघत होता.

"आई, हळू," सेलेदोनियो गाडीवरून दबक्या आवाजात म्हणाला. "बघताहेत सगळे. भाव चढेल."

"चढू दे," आई म्हणाली. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.